स्थानिक भुलीचं इंजेक्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढ काढायची, जखमेला टाके घालायचे, चरबीची गाठ काढायची, नखाखालचा पू सोडवायचा, असं काहीही असलं की आधी एक बारीक सुई टोचली जाते आणि तेवढाच भाग बधिर होतो. मी भूलतज्ज्ञ आहे. सुई यायच्या दोन मिनिटं आधी टेबलावरचा माणूस जे विचारतो, आणि घरी गेल्यावर फोन करून जे विचारतो, ते प्रश्न इथे घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण जीव तिथेच वाचतो. तुमच्या स्वतःच्या बाबतीतला निर्णय मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा.

हे औषध नेमकं करतं काय?

मज्जातंतूच्या आवरणात सोडियमची अतिसूक्ष्म दारं असतात. ती एकापाठोपाठ एक उघडत जातात, तेव्हा दुखण्याचा निरोप मेंदूकडे धावतो. भुलीचं औषध मज्जातंतूच्या आत शिरतं आणि आतल्या बाजूने ही दारं अडवून धरतं. निरोप पुढे सरकत नाही. जखम जिथल्या तिथे असते, फक्त मेंदूला तिची खबर लागत नाही. औषध हळूहळू रक्तात ओढलं जातं, दारं मोकळी होतात आणि संवेदना परत येते. रक्तात गेलेल्या औषधाला मग यकृत निष्प्रभ करतं.

ही शेवटची दोन वाक्यं विसरू नका. टोचलेलं सगळं औषध आज ना उद्या रक्तात जाणारच असतं. ते किती जातं आणि किती वेगाने जातं, यावरच सुरक्षितता ठरते.

भूल दिली, तरी हात लावलेला कळतो. औषध लागलं नाही का?

बहुतेकदा लागलेलं असतं. दुखणं वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते आधी बंद पडतात. स्पर्श आणि दाब नेणारे जाड तंतू उशिरा बंद पडतात, कधी पडतही नाहीत. त्यामुळे ओढल्यासारखं, दाबल्यासारखं, ढकलल्यासारखं कळणं ठीक. टोचलेलं, कापलेलं, जळजळलेलं कळणं ठीक नाही. तसं झालं तर दात आवळून सोसू नका, लगेच सांगा. थोडं थांबून किंवा अजून औषध देऊन पुढे जाता येतं.

लिग्नोकेन, लिडोकेन, झायलोकेन ही वेगवेगळी औषधं आहेत का?

नाही, औषध एकच. लिडोकेन आणि लिग्नोकेन ही त्याची दोन नावं, आणि झायलोकेन हे कंपनीने दिलेलं नाव. हे माहीत असणं फार गरजेचं आहे. "मला झायलोकेन चालत नाही, पण लिग्नोकेन चालतं" असं सांगणारे पेशंट मी पाहिले आहेत.

1884 मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कोकेनचे थेंब वापरले, तिथून स्थानिक भुलीची सुरुवात झाली. कोकेनचे धोके लवकरच कळले आणि सुरक्षित पर्यायाचा शोध सुरू झाला. 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेन यांनी लिडोकेन बनवलं, 1948 मध्ये ते बाजारात आलं, आणि आजही छोट्या कामांसाठी बहुतेक ठिकाणी तेच पहिलं हाताला येतं. दोन ते पाच मिनिटांत लागतं, साधं दिलं तर साधारण तासभर टिकतं.

दुसरं नेहमीचं औषध ब्युपिव्हाकेन. ते लागायला जास्त वेळ घेतं, पण कितीतरी तास टिकतं. हृदयाच्या दृष्टीने मात्र ते लिग्नोकेनपेक्षा जास्त धोकादायक. हृदयाच्या सोडियमच्या दारांत ते झटकन शिरतं आणि निघायला वेळ लावतं. 1979 मध्ये अमेरिकेतले भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी अशा औषधांनंतर हृदय बंद पडल्याच्या घटनांकडे लक्ष वेधलं. 1984 मध्ये बाळंतपणातल्या एपिड्युरलसाठी (पाठीत, मणक्याजवळ दिलेल्या भुलीसाठी) 0.75 टक्के ब्युपिव्हाकेन वापरू नये, असा इशारा तिथल्या एफडीएने, म्हणजे औषध नियामक संस्थेने, दिला. रोपिव्हाकेनसारखी पुढची औषधं याच अनुभवातून आली.

या इंजेक्शनचा सगळ्यात मोठा धोका कोणता?

औषध रक्तात गरजेपेक्षा जास्त जाणं. आम्ही त्याला विषबाधाच म्हणतो. ती दोन वाटांनी होते. एक, सुईचं टोक नकळत रक्तवाहिनीत असतं आणि औषध थेट रक्तात जातं. मग एका मिनिटाच्या आत त्रास दिसतो, आणि मानेसारख्या ठिकाणी धमनीत अगदी थोडं औषध गेलं तरी फिट येऊ शकते. दोन, औषध योग्य जागीच दिलेलं असतं, पण एकूण प्रमाण जास्त झालेलं असतं. मग त्रास दहा-वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासानंतरही सुरू होतो. म्हणून जास्त प्रमाणात औषध दिलेल्या माणसाला काम संपल्या संपल्या घरी पाठवत नाहीत.

पूर्ण भुलीत माणूस झोपलेला असतो. स्थानिक भुलीत तो जागा असतो, आणि हाच सगळ्यात मोठा फायदा. मेंदूला औषध चढायला लागलं की पहिली खबर कोणतंही मशीन देत नाही, ती तुम्हाला लागते. ती अशी:

- ओठांभोवती आणि जिभेला मुंग्या (दाताचं काम नसतानाही)
- तोंडात धातूची चव
- कानात शिट्टी किंवा गुणगुण
- डोकं हलकं होणं, नजर स्थिर न राहणं
- विनाकारण घाबरल्यासारखं होणं, जीभ जड होऊन शब्द अडखळणं

यापुढची पायरी म्हणजे स्नायू फडफडणं, फिट, शुद्ध हरपणं, आणि हृदयाचे ठोके बिघडणं. पायऱ्या नेहमी याच क्रमाने येतात असं नाही. कधी मधल्या गाळून थेट फिट येते. पण पहिल्या पायरीवर कुणी बोललं आणि सुई थांबली, तर बहुतेकदा गोष्ट तिथेच मिटते.

एका आजींच्या खांद्यामागची गाठ काढायची होती. काम सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. आजी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, तोंडात पैसा चोखल्यासारखं लागतंय." सर्जनने औषध भरलेली सिरिंज खाली ठेवली. मी त्यांना ऑक्सिजन लावला, शीर घेतलेलीच होती, आणि त्यांच्याशी बोलत बसले. थोड्या वेळाने म्हणाल्या, कानातलं गुणगुणणंही कमी झालं. कानाचं तोवर त्यांनी सांगितलंच नव्हतं, "तुम्ही कामात होतात" म्हणून. केसपेपरवर त्यांचं वजन 60 किलो लिहिलं होतं, विचारून. नंतर काट्यावर उभं केलं, तर भरलं 41.

म्हणून सुईपूर्वी प्रत्येकाला मी एकच विनंती करते. काम चालू असताना काही वेगळं वाटलं, मग ते कितीही क्षुल्लक किंवा विचित्र असो, बोलून टाका. आम्ही कामात असलो तरी.

माझ्यासाठी किती औषध सुरक्षित, हे कसं ठरतं?

वजनावरून. साध्या लिग्नोकेनची सर्वसाधारण वरची मर्यादा किलोमागे 4.5 मिलिग्रॅम, आणि एकूण 300 मिलिग्रॅम. रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनॅलिन मिसळलेलं असेल तर किलोमागे 7 मिलिग्रॅम, एकूण 500. ब्युपिव्हाकेनची मर्यादा बरीच खाली, किलोमागे साधारण 2 मिलिग्रॅम.

गोंधळ होतो तो बाटलीवरच्या टक्क्यांमुळे. हिशेब सोपा आहे: टक्क्याला दहाने गुणलं की एका मिलिलिटरमधले मिलिग्रॅम मिळतात. 2 टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम, 1 टक्का म्हणजे 10, अर्धा टक्का म्हणजे 5. आता आजींचा हिशेब करून पाहा. 60 किलोला 270 मिलिग्रॅम, म्हणजे 2 टक्क्यांचं साडेतेरा मिलिलिटर. 41 किलोला जेमतेम 184 मिलिग्रॅम, म्हणजे नऊ मिलिलिटरच्या थोडं वर. त्यांना बारा दिलं होतं. कागदाप्रमाणे बरोबर, अंगाला जास्त.

2 टक्क्यांची 30 मिलिलिटरची बाटली घेतली तर तिच्यात 600 मिलिग्रॅम औषध असतं. साध्या लिग्नोकेनच्या मर्यादेच्या दुप्पट. एकच बाटली, रोजच्या ट्रेमध्ये ठेवलेली. आणि 12 किलोच्या मुलाची मर्यादा 54 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच बाटलीतलं पावणेतीन मिलिलिटरही नाही.

आणखी दोन गोष्टी. मर्यादा ही शेवटची रेघ आहे, तिथपर्यंत गेलंच पाहिजे असं नाही. वय झालेल्या, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असलेल्या माणसाला त्याहून कमीच देतात. दुसरं, दोन वेगवेगळी भुलीची औषधं एकत्र दिली तर प्रत्येकाची स्वतंत्र मर्यादा धरायची नसते, दोन्हींचा भार एकत्र मोजायचा असतो. मोठी जखम असेल तर 2 टक्क्यांऐवजी 1 किंवा अर्धा टक्का औषध घेऊन तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये जास्त जागा बधिर करता येते. बधिर करायला ते पुरतं.

तुमच्या हातात काय आहे? वजन अंदाजाने सांगू नका. काटा मागा, त्यावर उभे राहा.

विषबाधा झालीच, तर उपाय आहे का?

आहे, आणि तो चांगला आहे. आधी इंजेक्शन थांबवणं, मदत बोलावणं, ऑक्सिजन देऊन श्वास नीट चालू ठेवणं. फिट आली तर ती थांबवणारं औषध. त्याच वेळी शिरेतून 20 टक्के लिपिड इमल्शन. दुधासारखा पांढराशुभ्र स्निग्ध द्रव असतो हा, एरवी तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णांना पोषण म्हणून देतात. तो रक्तातलं औषध हृदय आणि मेंदूपासून ओढून घेतो. किलोमागे 1.5 मिलिलिटर दोन-तीन मिनिटांत देतात, मग मिनिटाला किलोमागे 0.25 मिलिलिटर असं चालू ठेवतात. 1998 मध्ये गाय वाइनबर्ग यांनी उंदरांवर याचा परिणाम दाखवला. 2006 मध्ये हृदय बंद पडलेला एक रुग्ण यामुळे परत आल्याची पहिली नोंद प्रसिद्ध झाली. प्रोपोफॉल हे भुलीचं औषधही पांढरंच असतं, पण ते याच्या जागी चालत नाही. त्यात स्निग्धांश पुरेसा नसतो आणि ते हृदयाला आणखी खाली ओढतं.

मोठा नर्व्ह ब्लॉक (मुख्य मज्जातंतूजवळ औषध देऊन त्याचा सगळा भाग बधिर करणं) किंवा बरंच औषध लागणारं काम ठरलं असेल, तर "लिपिड इमल्शन जवळ आहे ना?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोचू नका. मला कुणी विचारलं की बरंच वाटतं.

सुई टोचून आधी दट्ट्या मागे का ओढतात?

टोक रक्तवाहिनीत नाही ना, हे पाहायला. सिरिंजमध्ये रक्त आलं तर जागा बदलायची. रक्त आलं नाही म्हणून शंभर टक्के खात्री नसते, म्हणून औषध थोडं थोडं, थांबत थांबत देतात. मोठ्या ब्लॉकसाठी सोनोग्राफीत सुईचं टोक बघत औषध दिलं की धोका आणखी कमी होतो. हळू देणारा डॉक्टर वेळ काढत नसतो.

औषधात ॲड्रिनॅलिन कशाला मिसळतात? सुईनंतर माझी छाती धडधडली.

ॲड्रिनॅलिन त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकसवतं. रक्तस्राव कमी होतो, औषध रक्तात हळू जातं, बधिरपणा जास्त टिकतो. प्रमाण फार थोडं असतं: दोन लाखांत एक, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 5 मायक्रोग्रॅम. त्यातलं थोडं रक्तात गेलं की छाती धडधडते, हात थरथरतात, घाबरल्यासारखं होतं. दोन-चार मिनिटांत ओसरतं. ही ॲलर्जी नव्हे. नियंत्रणात नसलेलं ब्लडप्रेशर, ठोक्यांचा आजार, नुकताच येऊन गेलेला हार्ट ॲटॅक, वाढलेलं थायरॉइड असेल तर आधी सांगा. डॉक्टर ॲड्रिनॅलिन कमी करतात किंवा टाळतात.

बोटाला ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन दिलं तर बोट काळं पडतं म्हणतात. खरं?

पिढ्यान् पिढ्या आम्हाला हेच शिकवलं गेलं. ते अनुभव मुख्यतः जुन्या औषधांच्या काळातले होते. आता हाताची शस्त्रक्रिया करणारे अनेक सर्जन एक लाखात एक प्रमाणातलं ॲड्रिनॅलिन बोटात नियमित वापरतात, आणि गरज पडली तर त्याचा परिणाम फेंटोलामिनने उलटवता येतो. ज्यांच्या बोटांचा रक्तपुरवठा आधीच कमी आहे, त्यांच्यात मात्र टाळलेलंच बरं.

"तुम्हाला भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे" असं एकदा सांगितलं होतं. आता काय?

आधी त्या दिवशी नेमकं काय झालं ते आठवा. डोळ्यांपुढे अंधारी, घाम, मळमळ, आडवं केल्यावर बरं वाटणं? ती सुईच्या भीतीने आलेली भोवळ. छाती धडधडली? ॲड्रिनॅलिन. ओठ बधिर, कानात आवाज? प्रमाण जास्त झालं असावं. अंगभर गांधी, ओठ-डोळे सुजणं, श्वास कोंडणं, घरघर? ही मात्र खरी ॲलर्जी असू शकते, आणि तिचा तपास व्हायलाच हवा.

लिग्नोकेन आणि ब्युपिव्हाकेनच्या गटाची खरी ॲलर्जी फार दुर्मिळ आहे. प्रोकेनसारख्या जुन्या गटात ती जास्त दिसते. कधी दोषी औषध नसतंच: बाटलीत टिकवण्यासाठी घातलेलं मिथाइलपॅराबेन, किंवा ॲड्रिनॅलिन टिकावं म्हणून घातलेलं सल्फाइट असतं. ॲलर्जीतज्ज्ञ टप्प्याटप्प्याने चाचणी करून चालणारं औषध शोधून देतात. हा तपास टाळू नका. कागदावर "लोकलची ॲलर्जी" असा शिक्का बसला की साध्या दाढेसाठीही पूर्ण भूल घेण्याची वेळ येते.

मग प्रत्येकाला आधी कातडीत टेस्ट का देत नाहीत?

पूर्वी कधी त्रास झालेला नसेल तर त्या टेस्टचा उपयोग नाही. सुईमुळेच कातडी लाल होऊन खोटी भीती बसते, आणि टेस्ट चांगली आली तरी विषबाधेपासून ती वाचवत नाही. आजींनाही टेस्ट करून काही कळलं नसतं.

पू झालेल्या जागी भूल का लागत नाही?

वर म्हटलं तसं औषधाला मज्जातंतूच्या आत शिरावं लागतं. आत शिरतो तो औषधाचा विद्युतभार नसलेला भाग. सुजलेली, पू झालेली जागा आम्लधर्मी असते. तिथे औषधाचा बराचसा भाग भारित होतो आणि बाहेरच अडकतो. भरीला तिथे रक्तपुरवठा वाढलेला असल्याने औषध लवकर वाहून जातं. उपाय म्हणजे जागेपासून लांब, नर्व्ह जिथून येते तिथे ब्लॉक देणं, किंवा आधी पू आणि सूज कमी करणं. गळवात पुन्हा पुन्हा टोचून प्रमाण वाढवणं हा उपाय नव्हे, धोका आहे.

सुईच फार दुखते. काही करता येईल?

बरंच काही. बारीक सुई, अंगाच्या तापमानाचं औषध, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हळू देणं. औषध आम्लधर्मी असल्याने चुरचुरतं. नऊ-दहा भाग लिग्नोकेनमध्ये एक भाग 8.4 टक्के सोडियम बायकार्बोनेट मिसळलं की चुरचुर बरीच कमी होते. ब्युपिव्हाकेनमध्ये हे करत नाहीत, त्यात साका तयार होतो. सुईची फार भीती असेल तर आडवं पडूनच इंजेक्शन घ्या, म्हणजे भोवळ आली तरी पडायची भीती नाही.

मी गरोदर आहे. बाळाला अंगावर पाजते आहे. चालेल?

दातांची आणि छोटी कामं लिग्नोकेनखाली गरोदरपणात होतात. ठणकणारी, पू झालेली दाढ तशीच ठेवणं आईला जास्त बाधतं. फक्त गरोदर असल्याचं आधी सांगा. दुधात औषध फार थोडं उतरतं, दूध पिळून टाकून द्यायची गरज नसते.

लहान मुलांसाठी वेगळं काय?

हिशेब दशांशापर्यंत काटेकोर हवा, कारण चूक पचवायला अंग लहान, आणि "तोंडात कसंतरी लागतंय" हे सांगता येत नाही. मूल एकदम गप्प झालं, गुंगलं, किंवा विनाकारण फार चिडचिडं झालं तर डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवा. मोठ्या माणसांतही गुंगीचं औषध सोबत दिलं असेल तर हीच अडचण येते: पेशंट बोलत नाही, आणि आमचा पहिला इशारा हातातून जातो.

दाताच्या कामानंतर मुलं बधिर ओठ चावत बसतात. गंमत म्हणून सुरू होतं आणि संध्याकाळी ओठ सुजून जखम झालेली दिसते. ओठ दोन ते पाच तास बधिर राहतो, तोवर मुलाजवळ बसा, घन पदार्थ देऊ नका.

आणि दात येताना हिरड्यांना लिग्नोकेनचं जेल चोळू नका. तान्ही मुलं ते गिळतात. फिट आणि मृत्यू झाल्यामुळे एफडीएने 2014 मध्ये 2 टक्के लिडोकेनच्या जेलसारख्या द्रावणावर यासाठी कडक इशारा छापायला लावला. सुईआधी कातडीला लावायचं लिडोकेन-प्रिलोकेनचं मलम उपयोगी आहे, तासभर झाकून ठेवावं लागतं. पण तेही सांगितलं तेवढ्याच जागेला. मोठ्यांनीसुद्धा लेझरपूर्वी पायभर असली मलमं चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळल्याने जीव गेले आहेत, आणि 2007 मध्ये त्याबद्दलही इशारा निघाला. मलम आहे म्हणून ते रक्तात जात नाही, असं नाही.

चालू गोळ्या बंद कराव्या लागतील का?

स्वतःहून एकही नाही. यादी आणा, शक्यतो गोळ्यांची पाकिटंच आणा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर कातडीखालच्या इंजेक्शनला सहसा अडचण नसते, खोल ब्लॉक किंवा कमरेतल्या भुलीला मात्र वेळ मोजावी लागते. प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर ॲड्रिनॅलिनने ब्लडप्रेशर एकदम चढू शकतं, शिवाय लिग्नोकेन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो. नैराश्यासाठीच्या काही जुन्या गोळ्यांमुळेही ॲड्रिनॅलिनचा परिणाम वाढतो.

उपाशी यायचं का?

फक्त स्थानिक भूल असेल तर बहुतेकदा नाही. उपाशीपोटी भोवळ जास्त येते. गुंगीचं औषध मिळणार असेल तर उपाशी राहावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी विचारा.

बाटली आणि सुईबद्दल मी काय पाहावं?

सिरिंज आणि सुई तुमच्यासमोर पाकिटातून काढलेली असावी. एका माणसाला एकदाच. बहुवापराच्या बाटलीत प्रत्येक वेळी नवी सुई, नवी सिरिंज. नुसती सुई बदलून सिरिंज तीच ठेवणं चालत नाही, रक्ताचा अंश सिरिंजमध्येही जातो. उघडलेल्या बाटलीवर तारीख हवी आणि 28 दिवसांनंतर ती टाकून द्यावी. पॅराबेन घातलेली ही बाटली मणक्यातल्या भुलीसाठी कधीच वापरायची नसते. तिथे एकदाच उघडायचं, परिरक्षक (टिकवण्यासाठी घातलेला पदार्थ) नसलेलं औषध लागतं.

मी सिरिंज भरताना अँप्युल उजेडात धरते आणि नाव, टक्के, मुदत मोठ्याने वाचते. शेजारची नर्स तेच परत वाचते. पेशंटला हे ऐकू येतं आणि काहींना वाटतं, यांना खात्री नाही की काय. दोन अँप्युल्स दिसायला इतक्या सारख्या असतात की डोळ्यांवर विसंबून चालत नाही.

घरी गेल्यावर काय सांभाळायचं?

बधिर भागाला गरम काय, धारदार काय, दबलेलं काय, काहीच कळत नसतं. गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, तोंड बधिर असेल तर गरम काही पिऊ नका. हाताचा ब्लॉक असेल तर हात झोळीत ठेवा. ब्युपिव्हाकेनचा ब्लॉक बारा तासांहून जास्तही टिकतो. जांघेजवळ औषध दिलं असेल तर मांडीची ताकद काही तास जाऊ शकते. उठताना कुणाचा तरी हात धरा, एकट्याने बाथरूमला जाऊ नका. खालच्या दाढेच्या इंजेक्शननंतर कधी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडून डोळा मिटेनासा होतो. लोक लकवा समजून हादरतात. औषध उतरलं की ते जातं; तोवर पापणी हाताने मिटून डोळा झाकून ठेवा आणि डॉक्टरांना फोन करून कळवा.

दुखण्याची गोळी बधिरपणा पूर्ण उतरायच्या आधीच घ्या. दुखणं पूर्ण जागं झाल्यावर घेतलेली गोळी फार उशिरा कामाला लागते.

किती वेळ वाट पाहायची, आणि कधी परत यायचं?

साध्या लिग्नोकेनच्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशीही जागा बधिर असेल, मुंग्या किंवा वीज गेल्यासारखं वाटत असेल तर दाखवा. सुईने किंवा सुजेने नर्व्ह दुखावलेली असू शकते. असं क्वचित होतं आणि बहुतेकदा आठवड्यांत-महिन्यांत भरून येतं, पण नोंद पहिल्याच आठवड्यात व्हायला हवी.

वाढत जाणारी सूज, पू, ताप, किंवा प्लास्टरखाली बोटं गार-निळी पडणं यासाठी त्याच दिवशी या. अंगभर गांधी, श्वास लागणं, शब्द अडखळणं, स्नायू फडफडणं, छातीत दुखणं किंवा शुद्ध जाणं यासाठी फोन करत बसू नका, जवळच्या दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा. तिथे पहिलं वाक्य हे सांगा: "इतक्या वाजता, अमुक जागी भुलीचं इंजेक्शन घेतलंय." औषधाचं नाव, टक्के आणि किती मिलिलिटर दिलं, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलेलं असेल तर तो कागद सोबत न्या.